शांततेची पाटी

चिंचवड, गुरुवार, १९५६

आज जेवण गेलं नाही. वाचनालयात ‘शांतता राखा’ ही पाटी माझ्याच आग्रहाने लागली. विश्वस्त म्हणून ठराव मीच मांडला होता, परीक्षेला बसणाऱ्यांना त्रास होतो म्हणून. खरं तर त्रास मलाच होत होता. आकुर्डीचे धोंडिबा रोज संध्याकाळी यायचे. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून आमचे ग्रंथपाल त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. पाटी लागली, वाचन थांबलं, धोंडिबाही यायचे थांबले. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. हे लिहायलाच हवं.

आज दोन महिन्यांनी ते आले. त्यांच्या शेताची नोटीस वर्तमानपत्रात छापून आली होती, सरकार जमीन कारखान्यासाठी घेणार, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ग्रंथपाल बाहेर गेले होते, म्हणून त्यांनी मलाच विचारलं,

“गुरुजी, जरा हुडकून वाचता का?”

जुन्या अंकांत नोटीस सापडली. पण आत चारजण बसलेले, आणि समोर ती पाटी. मी धोंडिबांना बाहेर पायरीवर नेलं आणि वाचलं. हरकत घ्यायची मुदत गेल्या सोमवारीच संपली होती.

“म्हंजी गेलीच की,” ते म्हणाले. मग अंकाकडे बघत, “आमी येत ऱ्हायलो असतो तर कळलं असतं.”

रागाने नाही बोलले. ठराव कुणाचा, हे त्यांना ठाऊक नसावं. मी तरी कुठे सांगितलं?

उठताना म्हणाले, “तुमी येळ काढलात गुरुजी, लई झालं.”

मी अंक आत नेऊन जागेवर ठेवला.