बटणातली बाई

३ जून, सोमवार
पानावर आहे, पण कुणाला दिसत नाही, असा मजकूर असतो की नसतो? मला नाही सांगता येत. आणि पदवी कॉम्प्युटरची! घरातली पहिली पदवी!

झालं असं. प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेची वेबसाइट आमच्या ऑफिसकडे आहे. तिच्यात मी 'ऐका' असं बटण करतेय. दाबलं की माझा कोड पानातला मजकूर उचलतो आणि कॉम्प्युटरच्या आवाजातली एक बाई तो मोठ्याने वाचते. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी. पहिला प्रयोग आईवर. तिची शाळा सातवीत सुटली. वाचते, पण एकेका अक्षरापाशी थांबत.

बाई सुरू झाली — "मार्जिन शून्य, कलर ग्रे..."
"अगं, ही शिव्या देतेय का?"
बाबा म्हणाले, "पदवीधरबाईंचं बटण आहे, नीट ऐक."

मग बाई म्हणाली, "प्रवेशासाठी वय अठरा ते पस्तीस. वयाची अट नाही. शिकायचं राहिलं असेल तर या."
"आधी अट, मग अट नाही! तुझ्या बाबांसारखीच बोलते," आई हसली. मग हसायची थांबली. "ते शेवटचं परत लाव."

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'वयाची अट नाही' ही ओळ कुठेच नाही!

४ जून
ऑफिसातल्या सिनियरला मी मनात अर्धविराम म्हणते. बोलताना कुठेच पूर्ण थांबत नाही. त्याने कोड पाहिला आणि कपाळाला हात लावला. "textContent घेतलंस? ते सगळंच ओरबाडतं, लपवलेलं, रंगांचे नियम, सगळं, innerText घे, दिसतं तेवढंच देईल, आणि..."

ओळ त्यानेच लपवली होती. शाळेने ती काढून 'अठरा ते पस्तीस' घालायला सांगितलं, याने जुनी नुसती झाकली. "उद्या परत मागितली तर?" आमच्याकडे कुणी काही पुसतच नाही.

एक शब्द बदलला. बटण शहाणं झालं. आनंद व्हायला हवा होता.

५ जून
आईने बटण दाबलं. परत दाबलं.
"तुझी बाई गप्प का झाली? दटावलंस तिला?"
"आई, ती चुकून बोलली होती."
"चुकून चांगलं बोलली म्हण."

मग भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता — "शेहेचाळीस म्हणजे फार नाही ना गं?"

सगळ्यांना शिकता यावं म्हणून बटण करतेय, असं ऑफिसभर सांगत फिरले. आणि पहिलं दार बंद केलं ते घरातल्याच माणसाचं. वा!

६ जून
चिडचिड. अर्धविरामाशीसुद्धा भांडले. तो बिचारा थांबला!

७ जून
बटण दाखवायच्या निमित्ताने शाळेत गेले. मुख्याध्यापिका फळा पुसत होत्या. ती ओळ का काढली, विचारलं.
"पस्तिशीच्या पुढचं कुणी आलंच नाही हो. लोकांना वाटतं, आम्ही थट्टा करतोय. मग ठेवायची कशाला?"
"म्हणजे वयाचा नियम नाही?"
"नियम कसला! आहे का तुमच्या माहितीत कुणी?"
"एक आहे. मग ओळ परत लावू?"
"आधी माणूस आणा. ओळीचं मग बघू."

घरी सांगितलं तर आईच मागे सरली. "छे! पोरासोरांत जाऊन बसू? आणि संध्याकाळचं जेवण?"
बाबा म्हणाले, "मला अंडी उकडता येतात."
"तुमची फुटतात."
"फुटलं तरी अंडंच राहतं ना?"

रात्री मात्र कपाटातून तिची बाहेर जायची चप्पल काढून पुसलेली दिसली.

१० जून, सोमवार
ओळ पानावर परत दिसते आहे, 'अठरा ते पस्तीस'च्या जागी. आईला दारात बघून मुख्याध्यापिकांनीच सांगितलं, "लावून टाका."

प्रवेशअर्ज मुलांच्या शाळेचाच, त्यामुळे शेवटी 'पालकाची सही'. त्या म्हणाल्या, "रिकामं सोडलं तरी चालेल." आईने पेन माझ्या हातात दिलं. "नापास झाले तर मारशील का गं?"

मी सही केली.