ह्यांच्या घड्याळातल्या कॅलरी

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

लेकीनं, पूजानं, लातूरहून आम्हा दोघांना सारखीच घड्याळं पाठवली. आज मैदानावर आम्ही दोघांनी बरोबरच फेऱ्या मारल्या. बरोबर कसल्या, दर वळणावर मीच पुढे जाऊन ह्यांची वाट बघत उभी. तरी घरी येऊन बघते तर ह्यांच्या कॅलरी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

ह्यांनी लगेच पूजाला फोन लावला. "पप्पा, लई भारी," ती म्हणाली. मला काहीच नाही. शेवटी मीच विचारलं, असं कसं गं?

"आई, घड्याळ वजन धरून हिशेब करतं. पप्पांचं वजन जास्त, म्हणून कॅलरी जास्त."

म्हणजे पोट सुटल्याचं बक्षीस? आणि मी हलकी म्हणून मागे? कळलं सगळं, पण पोटातलं जळणं काही थांबलं नाही. ह्यांचा तो आकडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

फोन ठेवल्यावर हे गुडघे चोळत म्हणाले, "उद्या जरा हळू चाल. तुझ्याबरोबर चालणं होईना गेलंय माझ्याच्यानं."

एवढं वाक्य पूजा फोनवर असताना बोलायला ह्यांना काय झालं होतं?