उंबऱ्यावरून काढलेला फोटो

गोवंडी,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. आईचा गुडघा आता बरा आहे. मुलुंडला वहिनीची नवी नोकरी कशी चाललीय? निधीला माझा पापा दे.

आता मुद्द्याचं. घाटकोपरच्या माझ्या प्रदर्शनातून आईचा फोटो मी उतरवणार नाही.

तू म्हणालास, "लडाख, केरळ, एवढी फिरलीस, तिथले फोटो लाव ना! आपली गल्ली कशाला दाखवतेस? वहिनीच्या माहेरचे काय म्हणतील?" दादा, नऊ वर्षं टूर कंपन्यांसाठी मी डोंगर आणि तळीच काढली. सगळे म्हणायचे, झकास! पण ते फोटो कुणीही काढले असते. खाली नाव नसतं तर माझे मलाच ओळखता आले नसते.

गेल्या वर्षी हिमाचलमध्ये किन्नौरला एका बाईंच्या घरी उतरले होते. चार दिवस त्यांची चूल, त्यांची सासू, अंगणातलं वाळवण, सगळं काढलं. निघताना त्या म्हणाल्या, "आता तुझं घर दाखव." फोनमध्ये हजारो फोटो. आपल्या घराचा एकही नाही. मी मैत्रिणीची चेंबूरची बाल्कनी दाखवली आणि म्हटलं, हे माझं. त्या बाई किती कौतुकानं बघत होत्या यार!

इथे येऊन गल्ली काढायला लागले. आधी समोरच्या गच्चीवरून. सोनेरी उजेड, पत्रे, धूर. आईला दाखवले.

"हे कुणाचं गं?"

"आपलं."

"एवढ्या लांबनं काय दिसणार? इथं बस ना माझ्याजवळ."

बसले. चार महिने त्या उंबऱ्यावर बसूनच फोटो काढले. प्रदर्शनातला तिचा वेणी घालतानाचा फोटो आईनंच निवडला. मी म्हटलं, पदर नीट घे, दुसरा काढते. तर म्हणाली, "मी अशीच बसते."

गरिबी विकतेस, म्हणालास. त्या फोटोत तुला गरिबी दिसली. मला आई दिसते.

एक गोष्ट लिहायची नव्हती. तुझ्या लग्नात, सासरच्यांपुढे "आम्ही चेंबूरचे" म्हण, असं तू आईला बजावलंस. ती तसं म्हणाली. मी कॅमेरा घेऊन बाजूलाच उभी होते. मीही मान डोलावली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली केला. तेव्हाचा तो चेहरा मी काढला नाही, दादा. हा काढला.

रविवारी अकराला उद्घाटन आहे. फीत आई कापणार. नवी साडी नको म्हणते, फोटोतलीच नेसणार. वहिनीच्या माहेरच्यांना घेऊन ये. नाही आलास, तरी फोटो भिंतीवरच राहील.

तुझ्याइतकीच लाजलेली, आता न लाजणारी,
शीतल