भुंगा दमला

धाकटीच्या आईस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकून तू घाबरली असतीस.

इथल्या इस्पितळात आवाज तपासणाऱ्या बाईंनी माझा हात गळ्यावर ठेवून 'स' आणि 'झ' लांबवायला लावले. 'स' नुसत्या श्वासावर निघतो, तो वीस सेकंद टिकला. 'झ'ला आत गळा भुंग्यासारखा थरथरावा लागतो, तो पाचातच विझला. "आजोबा, भुंगा दमला," बाई म्हणाल्या. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली, डॉक्टर स्वरयंत्र काढायचं म्हणतात. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. महिनाअखेरीस सही द्यायची आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सही करू का? त्याआधी लवकर फोन कर. इतक्या वर्षांच्या संसारात तुला एकदा नावानं हाक मारून घेतो.