सलीमभाई, वर बघा

३ नोव्हेंबर, सोमवार
चॅनल सुरू करून आठ महिने झाले. सबस्क्राइबर दोनशे बारा. त्यातले निम्मे भोकरदनचे पाव्हणे. क्रेन कशी चालवायची यावर मागच्या आठवड्यात वीस मिनिटं बोललो, एकेचाळीस जणांनी बघितलं. माझी बायको मीरा म्हणे, "सांगता चांगलं, पण मास्तरासारखं सांगता. कोन बसंल ऐकत?"
आज बोललोच न्हाई. क्रेनच्या केबिनमधून खालचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा टाकला. सलीमभाई रोलपाशी, तापलं लोखंड दाबून सळई करणाऱ्या लाटण्यांपाशी, उभे. लाल सळई सापासारखी बाहेर येते, ते चिमट्यानं तोंड धरतात, अंग वळवून दुसऱ्या रोलमध्ये घालतात. बावीस वर्षं हेच काम. संध्याकाळपर्यंत तीन हजार लोकांनी बघितलं. मला वाटलं मोबाइल बिघडला.

६ नोव्हें., गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत स.भाईंना दाखवलं. भाकरी हातातच राहिली. "हा मी हाये? वरून इतका छोटा दिसतो?" पुन्हा लावायला सांगितलं. मंग हळूच, "बरा धरतो रे मी."
बावीस वर्षांत स्वतःचं काम पहिल्यांदा बघितलं त्यांनी. अजून टाकू का विचारलं. "डाल ना. शमीमला पन दाखवतो. तिला वाटतं मी मिलमध्ये नुसता उभा राहतो."

१० नोव्हें., सोमवार
बघणारे तिसऱ्या सेकंदाला पळून राह्यले. चॅनलच्या आतल्या आलेखात सगळं दिसतं. ज्या व्हिडिओत चेहरा असतो तिथं थांबतात. वरून तर नुसती टोपी दिसते.
स.भाईंना म्हणलं, सळई घातली की एकदा वर माझ्याकडं बघा.
"टाइम कुठं असतो दत्ता? एक गेली की दुसरी येते."
"एकच डाव."
बघितलं. घामेजलेला चेहरा, खालून लाल उजेड, आणि हसले. माझ्या अंगावर काटा आला. हा व्हिडिओ चालणार.

१४ नोव्हें., शुक्रवार
सब. नऊ हजार. दोनशे बाराचे नऊ हजार. खाली लोक लिहून राह्यले, "चाचा, एक बार और ऊपर देखो." एका मुलीनं लिहिलं, माझे बाबा पण मिलमध्ये होते, त्यांचं काम आज कळलं. मीराला वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले.
फोरमन दर सोमवारी सांगतो, कामावर मोबाइल बंद. आज म्हणे, "माझा पन काढ एखादा."

१७ नोव्हें., सोमवार
आता रोज एक. मी केबिनमधून भोंगा हलका दाबतो, ते वर बघतात. ठरूनच गेलंय आमचं. भोंगा खरा खालच्यांना बाजूला सरा म्हणायला असतो.
सब. चौदा हजाराच्या वर.

१९ नोव्हें., बुधवार
सळई उसळली. स.भाईंच्या डाव्या पायाला गुंडाळली.
मी डोळ्यांनी बघितलं न्हाई. मोबाइलच्या पडद्यावर बघून राह्यलो होतो. शिडी कशी उतरलो आठवत न्हाई. कोणीतरी पाणी ओतत होतं. स.भाई ओरडत नव्हते, तेच जास्त

आज एवढंच.

२० नोव्हें., गुरुवार
दवाखाना. आत सोडलं न्हाई. शमीमभाभी बाहेर बाकावर, तसबीची माळ हातात. मला बघून उठल्या. "दत्ताभाऊ, तुम्ही तर वर होते. तुम्हाला सगळं दिसतं. कसं झालं?"
"घाईत झालं भाभी."
घाईत! तोंडाला आलं ते बोललो. भाभींनी मान हलवली, मला बसायला जागा केली.

२१ नोव्हें., शुक्रवार
ऑफिसमध्ये बोलावलं. मॅनेजर खुर्चीत, फोरमन उभा. मॅनेजर म्हणे, "कामगाराचं लक्ष नव्हतं, वर बघत होता, असं लिहून दे. तुझ्या मोबाइलचं नाव आम्ही काढत न्हाई. तू सुटला." कागद टाइप करून तयारच होता, फक्त सही.
म्हणलं, उद्या देतो. फोरमन माझ्याकडं बघत नव्हता.
बुधवारचा व्हिडिओ मोबाइलमध्ये हाये. अजून उघडला न्हाई. तिकडं चॅनलवर लोक विचारून राह्यले, चाचा कुठं गेले?

२३ नोव्हें., रविवार
दुपारी मीराला शेजारी बसवलं आणि उघडला. आधी भोंगा ऐकू येतो. माझा. स.भाई मान वर करायला लागतात, पुरती वर होत न्हाई. तेवढ्यात सळई रोलमधून वाकडी सुटते.
मीरा म्हणे, थांबवा. बोट ठेवलं तिनं. "मागं तुम्ही सांगत होता ती लोखंडी जाळी कुठाय?"
रोल आणि माणूस यांच्या मध्ये जाळी असते, सळई उसळली तर तिच्यावर आदळावी म्हणून. दिवाळीच्या आधी दुरुस्तीला काढली, ती परत बसवलीच न्हाई. मी रोज वरून बघत होतो. माझ्या कधी ध्यानात आलं न्हाई, कारण जाळी नसल्यानं चेहरा चांगला दिसायचा.
"मंग चूक कोनाची?" मी विचारलं.
"जाळी न्हाई, हे बी खरं. भोंगा वाजवला, हे बी खरं. एक लपवून दुसरं कसं सांगाल?"

२७ नोव्हें., गुरुवार
ऑफिसच्या कागदावर सही केली न्हाई. रोज विचारतात.
स.भाईंना काल साध्या वॉर्डात आणलं. पाय गुडघ्याखाली काढला. पांघरूण तिथं सपाट. मी पायथ्याशी बसणार होतो, नको वाटलं, उशापाशी उभा राहिलो. भाभी पाणी आणायला गेल्या तेव्हा सांगितलं. सगळं. भोंगा, मान, जाळी, भाभींना बोललेलं खोटं.
"दाखव."
तीनदा बघितलं. आधी स्वतःचं काम बघताना जसं बघितलं होतं तसंच, नीट. मंग म्हणे, "वर न्हाई बघितलं असतं, तरी पळून कुठं गेलो असतो? जाळीच न्हाई."
मी रडायला लागलो.
"रडू नको. मी तुला माफ केलं असं बोललो न्हाई." मोबाइल परत दिला. "आठ दिवस झाले दत्ता. आठ दिवस तू काही न सांगता बाहेर बाकावर बसून जात होता. भाभीनं डब्यातलं खाऊ घातलं तुला. जा आता."

२ डिसें., मंगळवार
सकाळी एकाचा फोन. त्याचं मोठं चॅनल हाये, आवाज एकदम गोड. "अपघाताचा व्हिडिओ तुमच्याकडं असणार. आपण दोघं मिळून टाकू. एका दिवसात लाखाच्या वर जाल." न्हाई म्हणलं. तो म्हणे, विचार करा. खरं लिहितो, फोन ठेवल्यावर पाच मिनिटं केला विचार. लाख हा आकडा डोळ्यापुढं नाचला.
मंग चॅनल उघडलं आणि स.भाई वर बघतात ते सगळे व्हिडिओ काढून टाकले. एक एक. त्या मुलीनं बाबांबद्दल लिहिलेलं पण त्यातच गेलं.

५ डिसें., शुक्रवार
कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी ऑफिसात गेल्तो. जाण्याआधी मीराला विचारलं, नोकरी राहायची न्हाई, काय करू? "मला कशाला विचारता? तुम्ही ठरवूनच बसला. डबा भरते, तिथं लई वेळ लागंल."
लागला. भाभी आणि त्यांचे जावई आल्ते. बाहेरच्या बाकावर भाभींना सगळं सांगितलं, त्यांनी विचारायच्या आधी. जावई उठून लांब जाऊन उभा राहिला.
जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. जाळी कधीपासून न्हाई. भोंगा मी कशासाठी वाजवला. तिथले साहेब वाचून म्हणाले, "हे दुसरं लिहिलंच पाहिजे असं न्हाई. याचा तुम्हालाच त्रास होईल."
"राहू द्या साहेब."

८ डिसें., सोमवार
गेटवर अडवलं. बोलावल्याशिवाय येऊ नको. केबिनमधला माझा टॉवेल आणि पाण्याची बाटली वॉचमननं पिशवीत घालून दिली. आत रोलपाशी जाळी बसवून राह्यले म्हणे.

१२ डिसें., शुक्रवार
सब. नऊ हजाराच्या खाली. अर्ध्या दिवसात दोनशे गेले. एक व्हिडिओ टाकला, स्वतःचा चेहरा समोर ठेवून. जाळी कशाला असते, कामावर माणसाला वर बघायला का लावू नये. चार मिनिटं बोललो. मास्तरासारखंच बोललो असणार. एकशे साठ जणांनी बघितलं. एकानं लिहिलंय, चाचा जिवंत हायेत का? उत्तर लिहिलं, हायेत.
संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्तो. भाभींनी दार उघडलं, चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. स.भाई खाटेवर बसून कुबड्यांचे रबर दाबून बघत होते. सोमवारी तपासणीत त्यांचा जबाब हाये. साहेब विचारतील, भोंगा ऐकून वर बघायला लागला होता का. हो म्हणाले तर कंपनी तेच धरून बसणार. न्हाई म्हणाले तर माझा जबाब खोटा.
काय सांगणार, मी विचारलं न्हाई. त्यांनी पण सांगितलं न्हाई. निघताना एवढंच म्हणे, "सोमवारी गाडी घेऊन ये. रिक्षात पाय ठेवायला जमत न्हाई."
साडेनऊला बोलावलंय त्यांनी. नऊलाच जातो.