राग दाबायची गोळी

३ जाने., वलगाव
काल यांना दवाखान्यातून घरी आणलं, आज यांनी तांब्या फेकून मारला. भुवई फाटली, टाके पडले. कारण काय, तर मी खिडकी उघडली. उजेड डोक्यात घुसते म्हणे. लग्नापासून या माणसानं आवाज चढवला नव्हता. झेंडूचा भाव पाडणाऱ्या दलालाशीही भांडत नव्हता.
सासूबाई शेजारणीले सांगे, "न्हाणीत पडली." वा!

५ जाने.
आज केस धरून कपाटावर आपटलं. मग स्वतःच ढसढसा रडला. यापुढं त्याले 'हे' लिहिणार नाही मी, नावच लिहीन. गजानन.

७ जाने., अमरावती
डॉक्टर बाईले सरळ विचारलं, काहून मारते हा? मेंदूच्या आवरणाचा टीबी, हे माहीत होतं. बाकीचं आज समजलं. जी पेशी जंतूले खायले येते, तिच्याच पोटात तो घर करते. मरत नाही. मग शरीर पिसाळते, साऱ्या पेशी तिथं धाडते, अन् मेंदू सुजते. "जंतूपेक्षा जास्त नासधूस शरीराचा राग करतो," बाई म्हणे. तो राग दाबायले पांढरी गोळी. तिनं काहींचं डोकं फिरते.
म्हटलं, "म्हंजे शरीराचा राग बांधाचा अन् माणसाचा मोकळा सोडाचा?"
"सूज असेल, गोळी असेल. नक्की नाही सांगता येत. पण मनानं बंद करू नका."
सासूबाई वाटेत, "गोयीच मारते वं. माहा गजू नाही मारत."

१० जाने., वलगाव
गळा धरला. डोळ्यापुढं काळं. सासूबाईनं सोडवलं. विळे, कोयते सारे कुलपात टाकले.
जंतूच्या गोळ्या दिल्या. पांढरी नाही दिली. पाहतेच.

१२ जाने.
पांढरी गोळी कालही नाही, आजही नाही. शांत हाये. भुवईवरून बोट फिरवून म्हणे, "लय लागलं काय?" जेवण गोड लागलं किती दिवसांनी.

१३ जाने., अमरावती
सकाळी झटके. खाटेवरून पडला, जीभ चावली, तोंडातून रक्ताचा फेस. मी बोंबलत सुटली. गाडीत दोघी त्याच्या अंगावर पडून होतो.
बाईले सांगून टाकलं, मी नाही दिली. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सूज एकदम उसळली. अजून उशीर झाला असता तर गेले असते," एवढंच.
दिली तर मले मारते, नाही दिली तर तो मरते. अरे, मंग बाईमाणसानं करावं तरी काय!

२ फेब्रु., वलगाव
गोळी चालू, मार चालू. दादा आला अकोल्याहून. माझा सुजलेला ओठ पाहिला अन् गजाननले दोन ठेवून दिल्या. सासूबाई मधात पडल्या.
"आजारी माणसावर हात टाकता?"
"अन् माही बहीण काय बोरीचं झाड हाये, बडवाले?"
मले म्हणे, चाल, आत्ताच्या आत्ता. नाही गेली. शिव्या देत गेला अकोल्याले परत. त्याले कसं सांगू, मले गोळीबिगरचा गजानन पाहाचा हाये. हा मारणारा नवराच असन, तर मंग जाईन. तोवर नाही.

१५ फेब्रु.
बाई गोळी कमी कमी करत आणून राहिली. डोक्याचा नवा फोटो काढला, सूज उतरली म्हणे. सारे खूश.
मंग कालची थापड कोणाची?
हातालेही सवय लागते काय? हे कोणाले विचारू. आग लागो त्या जंतूले.

१२ मार्च
पांढरी गोळी बाईनं पुरी बंद केली, बरेच दिवस झाले. बाकीच्या चालतीन अजून. सासूबाई म्हणते, "पाय, कसा गरीब झाला." गरीबच राहीन ना! सारं घर त्याच्या पुढं पुढं करते. त्याले 'नाही' म्हणून कोणी म्हणत नाही. असा तर कोणीही गरीब राहीन.
आज वांग्यात मीठ मुद्दाम टाकलं. मूठभर. सासूबाई वावरात. माझी पिशवी मागच्या दारात भरून ठेवली, दादाले फोन केला, मोबाईल जवळच हाये. ताट वाढलं अन् आत येऊन लिहून राहिली.
घास घेतला असन.
ताट सरकवलं.
"इकडं ये."
आवाजावरून काहीच समजत नाही. चालली त्याच्यापुढं.