शेवटच्या इंजेक्शनबद्दल

दि. ९ मार्च, सकाळी सव्वासात

प्रिय मास्तरीणबाई,

इकडे ठीक आहे. ताईच्या घरी तुझंही बरं चाललं असेल, असं धरून चालतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले अकरा मायक्रोस्कोप दुरुस्तीला आलेत. एकाचं भिंग कुणीतरी रुमालाने पुसून ओरखडून ठेवलंय. आठवी शिकलेल्याने पदवीवाल्यांना भिंग पुसायला शिकवायचं. असो.

तू परत तपासायला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट क्लिनिकने जुन्याच पत्त्यावर, इकडे पाठवला. पाकीट मी फोडलं. सोबत ठेवलाय, पण आधी हे वाच.

आयव्हीएफ मी पुस्तकं आणून शिकलो, तुला माहीत आहे. दहा दिवस इंजेक्शनं देऊन एकाऐवजी दहा-बारा बीजं वाढवायची, शेवटच्या इंजेक्शनने ती पिकवायची, बरोबर छत्तीस तासांनी सुईने काढायची, बाहेर काचेच्या बशीत गर्भ तयार करायचा आणि पोटात ठेवायचा. तू वैतागायचीस, "अहो, वर्ग माझा आहे की तुमचा? टोचा आणि मोकळे व्हा." शेवटचं इंजेक्शन नर्सबाई क्लिनिकमध्येच देणार होत्या. "घरी चुका होतात हो," म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, केसाएवढे स्क्रू बसवणारा हात आहे हा."

त्या इंजेक्शनच्या खोक्यात दोन बाटल्या होत्या. आधीची इंजेक्शनं तयार भरलेली यायची. यातली एक मला रिकामी वाटली, जादाची असेल म्हणून बाजूला ठेवली. दुसरीतलं भरून दिलं, रात्री साडेआठच्या ठोक्याला. आतली चिठ्ठी वाचली नाही. मला कशाला हवी चिठ्ठी?

बीजं काढायच्या सकाळी तू आत भुलीखाली होतीस आणि डॉक्टर मध्येच बाहेर आले.

"एका बाजूचा बीजकोश झाला, एकही बीज नाही. शेवटचं इंजेक्शन नीट गेलं होतं ना? शंका असेल तर रक्त तपासतो. चुकलं असेल तर दुसरी बाजू तशीच ठेवू, आज पुन्हा देऊ, परवा काढू."

त्या क्षणी मला ती बाटली आठवली. तळाला पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. औषध तेच. मी तुला दिलं ते नुसतं विरघळवायचं पाणी. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, नंतर नाही. डॉक्टरांच्या मागे नर्सबाई उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "साडेआठला दिलं. तपासायची गरज नाही."

ते आत गेले आणि त्यांनी दुसरी बाजूही तशीच उपसली. तीही वाया गेली.

शुद्धीवर येताच तू विचारलंस, "किती निघाली?" एकही नाही म्हटल्यावर, "माझंच काही चुकलं का हो?" मी म्हणालो, "माझ्या हातात होतं तेवढं मी केलं." घरी आईला सांगितलं, तुझ्यादेखत, की हिच्यातच काही नाही. मग ती तुला जे जे बोलली ते सगळं शेजारच्या खोलीत ऐकत मी भिंगं पुसत होतो. तू घर सोडलंस त्या दिवशीसुद्धा.

आता रिपोर्ट. बीजांचा साठा दाखवणारा आकडा दीड वर्षापूर्वी, त्या इंजेक्शनांच्या वेळी, एक पूर्णांक दोन होता. आता शून्य पूर्णांक दोन आहे. काल जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, नर्सबाईंसमोर. तेव्हाच बोललो असतो तर, असं विचारलं.

"दुसऱ्या बाजूला सहा होती," ते म्हणाले. "आता स्वतःच्या बीजाची आशा धरू नका म्हणावं त्यांना."

ते तुला फोन करणार होते. मी म्हटलं, मी कळवतो.

फाइलमधला 'बीजांतच दोष' हा तुझ्याबद्दलचा शेरा त्यांनी खोडून खरं कारण लिहिलं. त्याची प्रत सोबत आहे, ताईला दाखव. आईला मी वाचून दाखवली.

तुझ्यात काहीही कमी नव्हतं. तू शुद्धीवर यायच्या आधीपासून मला हे माहीत होतं.

माफी मागायची लायकी नसलेला,
तुझा नवरा